म्हैस पान्हा चोरत नाही

दुधाच्या बाबतीत मराठीत एक फार नेमका शब्द आहे : पान्हा. कासेत दूध असणे ही एक गोष्ट आणि पान्हा सुटणे ही दुसरी. कास भरलेली असते, सड ताठ असतात, तरी म्हैस दूध खाली सोडत नाही. मग आपण म्हणतो, "आज हिने पान्हा चोरला." आमच्या भिंगारात घरामागे म्हैस, दाराशी दोन-तीन शेळ्या आणि गच्चीवर कबुतरांची ढाबळ असलेली घरे अजून आहेत. तिथे हे वाक्य अधूनमधून कानी पडतेच. त्याच घरांत बाळंतपण झाले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुसरे एक वाक्य ऐकू येते : "सुनेला दूधच येत नाही, डबा आणा."

ही दोन्ही वाक्ये एकाच गैरसमजातून येतात. दूध म्हणजे भरून ठेवलेला हंडा आहे, त्यात असेल तर निघेल आणि नसेल तर नाही, असे आपण धरून चालतो. खरे तर दूध हंड्यासारखे नसून विहिरीच्या झऱ्यासारखे आहे. उपसा होतो तोवर झरा वाहतो. उपसा थांबला की बुजतो. हे आपल्याला म्हशीने आणि शेळीने शिकवले, तसेच कबुतर, कांगारू आणि समुद्रातल्या सीलनेही शिकवले. या महिन्यात त्यांचीच गोष्ट.

बनणे वेगळे, सुटणे वेगळे

कासेच्या आत द्राक्षांच्या घोसांसारखे असंख्य बारीक फुगे असतात. त्यांच्या भिंतीतल्या पेशी रक्तातून कच्चा माल उचलतात, त्याचे दूध करतात आणि फुग्यात सोडतात. हे काम रात्रंदिवस चालते. ते चालू ठेवणाऱ्या संप्रेरकाचे नाव प्रोलॅक्टिन. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिथून ते रक्तात येते.

बनलेले दूध मात्र आपोआप खाली येत नाही. रेडकू सडाला लागते, त्याचा संदेश मज्जातंतूंमार्फत मेंदूत जातो आणि त्याच पिट्युटरीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन नावाचे दुसरे संप्रेरक रक्तात सुटते. ते कासेत पोहोचले की फुग्यांभोवतीच्या स्नायूपेशी आवळल्या जातात आणि दूध नळ्यांतून सडाकडे ढकलले जाते. आपण ज्याला पान्हा म्हणतो तो हाच.

प्रत्येक जनावराची साठवण वेगळी असते. शेळीच्या कासेत सडाच्या वर मोठी पोकळी असते आणि निम्म्याहून अधिक दूध तिथे आधीच उतरलेले असते. म्हणून करडू जवळ नसले तरी शेळीची धार सहज निघते. गाईच्या कासेत असे उतरलेले दूध साधारण पाचवा हिस्सा असते. म्हशीच्या कासेत ते जेमतेम शेकडा ५ असते; उरलेले ९५ टक्के वर फुग्यांतच अडकलेले असते. पान्हा सुटल्याशिवाय ते हाती लागत नाही आणि म्हशीला पान्हा सुटायला गाईपेक्षा वेळही जास्त लागतो. म्हणून गवळी आधी रेडकू लावतो, समोर आंबोण ठेवतो, कास कोमट पाण्याने धुतो आणि धीर धरतो.

आता "चोरी"कडे वळू. १९४१ साली अमेरिकेत एली आणि पीटरसन या दोन संशोधकांनी एक गमतीदार वाटणारा प्रयोग केला. दूध काढण्याच्या वेळी त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले आणि कागदी पिशव्या फुगवून तिच्याजवळ फोडल्या. गाय दचकली आणि दूध उतरेना. भीती न घालता नुसते ॲड्रिनॅलिन टोचले तरी तेच झाले. भीती, वेदना, अनोळखी माणूस, आरडाओरडा यांमुळे शरीरात ॲड्रिनॅलिन वाढते आणि ते पान्ह्याची वाट अडवते. म्हणजे म्हैस पान्हा चोरत नाही. ती घाबरलेली असते, तिला कुठे दुखत असते, किंवा तिचे रेडकू गेलेले असते. तिला काठी मारणे म्हणजे उरलासुरला पान्हाही घालवणे.

आपल्याच महाराष्ट्रातल्या पंढरपुरी म्हशी याचे उत्तम उदाहरण आहेत. कोल्हापुरात गंगावेशीसारख्या दूध कट्ट्यांवर म्हैस रस्त्यावर उभी असते, गिऱ्हाईक भांडे घेऊन येते आणि समोर धारोष्ण दूध काढून मिळते. गर्दी आणि गाड्यांचा आवाज असूनही म्हैस शांत राहते, कारण तो आवाज तिच्या रोजच्या सवयीतला आहे आणि धार काढणारा हात ओळखीचा आहे. पान्ह्याला शांतता लागते याचा अर्थ ओळख आणि विश्वास लागतो.

जिथे धीर नसतो तिथे सुई येते. रेडकू मेलेल्या म्हशीला रोज दोन वेळा ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचून दूध उतरवण्याचा प्रकार अनेक गोठ्यांत चालतो. त्याने दूध वाढत नाही. आहे ते फक्त खाली येते. रोज बाहेरून मिळू लागले की शरीर स्वतःच्या ऑक्सिटोसिनला दाद देईनासे होते आणि म्हैस सुईशिवाय पान्हाच सोडत नाही. जनावरांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या १२व्या कलमानुसार जनावराच्या प्रकृतीला अपाय होईल अशा रीतीने दूध वाढवण्यासाठी काहीही टोचणे हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. आपल्याकडे दुधाचा व्यवसाय करणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. हलाल रोजी मुक्या जनावराला यातना देऊन होत नाही, हे त्यांना सांगायची गरज नसावी.

कबुतराने दाखवलेली वाट

दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिनचा शोध लागण्यात एका पक्ष्याचा मोठा वाटा आहे. कबुतर काही सस्तन प्राणी नव्हे, पण ढाबळ ठेवणाऱ्या कुणालाही विचारा : पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही दिवस नर आणि मादी दोघेही त्यांच्या चोचीत पांढरट, दह्यासारखा पदार्थ ओततात. गळ्याच्या पिशवीचा आतला थर अंडी उबवण्याच्या काळात जाड होतो आणि त्याच्या पेशी सुटून हे "दूध" तयार होते. त्यात प्रथिने आणि चरबी भरपूर असते.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पिट्युटरी ग्रंथीतला एक पदार्थ टोचला की कबुतराच्या गळ्याची पिशवी वाढते. त्यांनी त्याला प्रोलॅक्टिन असे नाव दिले. पुढे बरीच वर्षे एखाद्या नमुन्यात प्रोलॅक्टिन किती आहे हे मोजायचे असेल, तर ते कबुतराच्या गळ्यावरच तपासले जाई. आपल्या गच्चीवरचा पक्षी आणि बाळंतिणीचे दूध यांच्यातला हा धागा विज्ञानाला असा सापडला.

नर कबुतर पिल्लांना पाजतो हे ऐकून आश्चर्य वाटत असेल, तर बोकडाचेही ऐका. अधूनमधून बातमी येते की अमुक गावात बोकड दूध देतो. लोक गोळा होतात, कुणी करामत म्हणते, कुणी ते दूध दवा म्हणून मागते. खरी गोष्ट साधी आहे. बोकडालाही सड असतात आणि त्यांच्या मुळाशी दूधग्रंथीचा अंश असतो. एखाद्या बोकडात संप्रेरकांचे प्रमाण बिघडले की त्या ग्रंथी जाग्या होतात. भरपूर दुधाच्या शेळ्यांच्या वंशात असे जास्त दिसते. मलेशियात तर १९९४ साली एका जातीच्या जंगली फळखाऊ वटवाघळांचे दूध असलेले नर संशोधकांना सापडले. यात औषध नाही आणि चमत्कारही नाही. असा बोकड पशुवैद्याला दाखवावा, नवस करणाऱ्यांना नव्हे.

एकाच शेळीच्या दोन बाजू

इथवर एक गोष्ट कळली : मेंदूतून निघालेली संप्रेरके रक्तातून फिरतात आणि दूध बनवतात, उतरवतात. पण रक्त तर सगळ्या कासेला सारखेच मिळते. मग एका सडाचे दूध आटते आणि दुसऱ्याचे चालू राहते, हे कसे?

याचे उत्तर शेळीने दिले. शेळीच्या कासेचे दोन भाग एकमेकांपासून वेगळे असतात. स्कॉटलंडमधल्या हॅना संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांनी एका बाजूचे दूध दिवसातून दोनदा आणि दुसऱ्या बाजूचे तीनदा काढले. शेळी तीच, चारा तोच, रक्त तेच. तरीही तीनदा काढलेल्या बाजूचेच दूध वाढले.

कुणी म्हणेल, कास रिकामी झाली, दाब कमी झाला, म्हणून दूध वाढले. म्हणून त्यांनी पुढचा प्रयोग केला. काढलेल्या दुधाएवढेच साखरेचे पाणी परत कासेत भरले. दाब होता तेवढाच राहिला, पण दूध वाढायचे थांबले नाही. याचा अर्थ साचलेल्या दुधातच असा काही रासायनिक निरोप असतो की तो पेशींना सांगतो, "बस, आता पुरे." दूध काढले की तो निरोपही निघून जातो आणि पेशी कामाला लागतात. फार वेळ दूध तुंबून राहिले, तर दाबही वाढतो, पेशी आधी मंदावतात आणि मग मरू लागतात. यालाच आपण आटणे म्हणतो.

शेतकरी हे तत्त्व कधीचा वापरतो. विण्यापूर्वी सुमारे दोन महिने गाय भाकड करायची असते तेव्हा धार काढणे थांबवतात. तुंबलेले दूधच कासेला बंद होण्याचा हुकूम देते. तोच हुकूम नकळत आपल्या घरात दिला जातो, त्याकडे पुढे येऊ.

कांगारूची दोन दुधे

प्रत्येक सडाचा कारभार स्वतंत्र असतो याचा सर्वांत मोठा दाखला ऑस्ट्रेलियात आहे. तांबड्या कांगारूचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे वजन एक ग्रॅमही नसते. ते सरपटत आईच्या पोटावरच्या पिशवीत शिरते आणि चार सडांपैकी एक तोंडात धरून महिनोन्‌महिने तिथेच चिकटून राहते. त्याच वेळी त्याच्या आधीचे, पिशवीबाहेर उड्या मारणारे मोठे भावंड अधूनमधून डोके आत खुपसून आपल्या ठरलेल्या सडाला पिते.

आई एकच असते, पण एका सडातून तान्ह्यासाठी पातळ दूध येते आणि शेजारच्या सडातून मोठ्यासाठी चरबीने दाट झालेले. दोन्ही ग्रंथींना एकच रक्त मिळते. तान्ह्याची ग्रंथी पान्ह्याच्या संप्रेरकाला इतकी हळवी असते की त्याच्या बारीक चोखण्यानेही तिला पान्हा सुटतो. मोठ्याच्या ग्रंथीला जोराचा धक्का लागतो. त्यामुळे धाकट्याच्या प्रत्येक घोटाला मोठ्याचे दूध वाया जात नाही.

वॉलबी म्हणजे लहान कांगारू. त्यांच्यावर आणखी एक प्रयोग झाला. लहान पिल्लू पुढच्या टप्प्यातल्या दाट दुधाच्या आईकडे दिले. दूध त्या पिल्लाच्या वयाप्रमाणे मागे गेले नाही. आईच्या स्वतःच्या वेळापत्रकानेच चालले आणि पिल्लू मात्र भराभर वाढले. म्हणजे दूध कसे असावे हे मुख्यतः आईचे शरीर ठरवते. किती असावे हे बाळाची भूक ठरवते. हा फरक लक्षात ठेवावा, कारण "आईचे दूध पातळ आहे, बाळाला पुरत नाही" असे आपल्याकडे फार म्हटले जाते. माणसाचे दूध म्हशीच्या दुधाइतके दाट दिसत नाही, कारण माणसाचे बाळ रेडकाच्या वेगाने वाढायचे नसते.

जितके बाळ, तितका हिशेब

दूध किती वेळाने पाजायचे याचेही प्रत्येक प्राण्याचे गणित निराळे आहे. आपल्याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे, १९८०चे, अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरचे. काळविटाची मादी पाडसाला जन्मल्यावर काही दिवस गवतात दडवून ठेवते, स्वतः दूर चरते आणि ठरावीक वेळीच येऊन पाजून जाते. सारखे जवळ राहिले तर लांडग्याला माग लागेल. सशीण त्याहून पुढे जाते. ती बिळातल्या पिल्लांना दिवसातून एकदाच, तेही तीन-चार मिनिटे पाजते. तिच्या दुधाच्या वासात असा एक पदार्थ असतो की आंधळी पिल्लेही क्षणात सड शोधतात.

ध्रुवाकडच्या हूडेड सीलचे पिल्लू फक्त चार दिवस दूध पिते. त्या दुधात जवळजवळ ६० टक्के चरबी असते आणि चार दिवसांत पिल्लाचे वजन दुप्पट होते. याच्या उलट फर सीलची मादी. ती पिल्लाला किनाऱ्यावर सोडून मासे धरायला समुद्रात जाते आणि काही जातींत तीन-तीन आठवडे परतत नाही. गाय इतके दिवस पाजली-दुभली नाही तर आटून जाईल. फर सीलचे दूध बनणे मंदावते, पण कास आटत नाही. तिच्या दुधात अल्फा-लॅक्टअल्ब्युमिन नावाचे प्रथिन नसते. दूध तुंबले की दूधपेशी मरण्यात या प्रथिनाचा हात असतो, आणि तेच नसल्याने फर सीलची कास तग धरते, असे संशोधकांचे म्हणणे आहे. अस्वलीण तर बर्फातल्या गुहेत हिवाळाभर अन्नपाण्याविना राहून अंगच्या चरबीवर पिल्ले पाजते.

सूरह नहलमध्ये (१६:६६) जनावरांच्या दुधाचा उल्लेख विचार करण्याजोगी खूण म्हणून आला आहे. या सगळ्या जिवांकडे पाहिले की ती खूण किती खोल आहे हे कळते. प्रत्येकाला त्याच्या घराप्रमाणे, शत्रूप्रमाणे, हवेप्रमाणे नियम मिळाला आहे. आता प्रश्न असा की, माणसाला कोणता नियम मिळाला?

माणसाचा नियम

माणसाची आई फर सील नाही. तिचे दूध तुंबले की आटते. ती सशीणही नाही. तिच्या बाळाला दिवसातून एकदा पुरत नाही. नवजात बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा प्यायचे असते, आणि रात्रीचे पाजणे चुकवायचे नसते, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असते. साठवणुकीच्या बाबतीत स्त्रीचे शरीर शेळीसारखे नसून म्हशीच्या जवळचे आहे : मोठी पोकळी नाही, दूध वर फुग्यांत असते आणि पान्हा सुटल्याशिवाय येत नाही. म्हणून छाती दाबून थेंब आला नाही तर दूध नाही, असा अर्थ होत नाही.

आणि पान्ह्याला इथेही भीतीचे वावडे आहे. १९४८ साली अमेरिकेतल्या न्यूटन पती-पत्नींनी स्वतःवरच प्रयोग केला. आई बाळाला पाजत असताना कधी तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, कधी पायाच्या बोटाला बांधलेली दोरी ओढली, कधी तिला गणिते घातली. निवांत असताना बाळाला एका वेळी सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळत होते. अशा छळात ९९ ग्रॅम. त्याच छळात ऑक्सिटोसिन टोचले तेव्हा ते पुन्हा १५३ ग्रॅमवर गेले. दूध होतेच, वाट अडली होती.

आपल्या घरात बर्फाचे पाणी नसते, शब्द असतात. "तुझ्या जाऊबाईला किती दूध होते!" "बाळ उपाशी आहे, तुला कळत नाही का?" "मुलगी झाली म्हणून रडत बसलीस काय?" पाहुण्यांनी भरलेली खोली, टाक्यांचे दुखणे, झोप नाही, आणि दुपट्ट्याआड चोरून पाजायची घाई. गाईच्या पाठीवर मांजर ठेवल्यासारखेच हे आहे. मग पान्हा सुटत नाही आणि घर म्हणते, दूध नाही.

त्यातून डबा येतो. बाळाचे पोट डब्याच्या दुधाने भरले की ते तीन-चार तास झोपते. तेवढा वेळ आईचे दूध तुंबते. तुंबलेले दूध पेशींना सांगते, "बस, पुरे." दुसऱ्या दिवशी दूध खरोखरच कमी येते. घर म्हणते, "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" आणि आणखी एक बाटली वाढते. दोन-तीन आठवड्यांत चांगली दुभती आई कोरडी होते. दोष तिचा नसतो. भाकड करायच्या गाईला शेतकरी जे जाणूनबुजून करतो, तेच आपण प्रेमापोटी सुनेला करतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांचे दूध थोडे, पिवळसर आणि घट्ट असते. गाईचा चीक आपण खरवसासाठी शेजाऱ्याकडून मागून आणतो आणि स्वतःच्या बाळाच्या वाट्याचा चीक काही घरांत पिळून टाकतो! तो रोगांशी लढणाऱ्या घटकांनी भरलेला असतो. पहिल्या दिवशी काही चमचेच येतो आणि नवजाताच्या लहानशा पोटाला तेवढाच लागतो. दूध भरून यायला दुसरा ते चौथा दिवस उजाडतो. सिझेरियन असेल तर कधी थोडे उशिरा. या काळात बाळाचे वजन थोडे घटते, तेही स्वाभाविक आहे. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येते.

दूध पुरते की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा स्वच्छ लघवी होते का, पिताना गिळण्याचा आवाज येतो का आणि वजन वाढते का, हे पाहावे. आशाताई प्रसूतीनंतर ठरलेल्या दिवशी घरी येतात : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. त्यांच्याकडून वजन करून घ्यावे आणि बाळ छातीला नीट लागते का हे दाखवून घ्यावे. बऱ्याचदा दूध कमी नसते, बाळाने फक्त टोक धरलेले असते.

काही वेळा मात्र खरी अडचण असते. बाळंतपणात फार रक्तस्राव झालेला असणे, वारेचा तुकडा आत राहणे, थायरॉइडचा आजार, पूर्वीची छातीची शस्त्रक्रिया अशा कारणांनी दूध कमी पडू शकते. बाळ सुस्त पडले, पिईना झाले, लघवी कमी झाली, कावीळ वाढली, किंवा आईला ताप येऊन छाती लाल झाली, तर घरगुती उपाय करत बसू नये; लगेच डॉक्टरांकडे जावे. डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले तर ते द्यावे, त्यात कमीपणा नाही. पण प्रत्येक वेळी वरचे दूध देताना आईचे दूधही हाताने किंवा पंपाने काढावे, म्हणजे झऱ्याचा उपसा थांबत नाही. दुकानदाराच्या किंवा शेजारणीच्या सल्ल्याने डबा आणू नये. शिशुदुग्धपर्याय, बाटल्या व शिशुआहार यांच्यासाठी १९९२ साली केलेल्या कायद्याने तान्ह्यांच्या डबा-दुधाची जाहिरात करायला मुळातच बंदी आहे, ती काही उगीच नाही. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. त्यातून होणारी विषबाधा जिवावर बेतू शकते.

दूधमातेचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटना सांगते : जन्मल्यापासून तासाभरात पाजणे सुरू करावे, सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा अधिक. सूरह बकरहमध्ये (२:२३३) दोन वर्षांच्या पूर्ण मुदतीचा उल्लेख आहे आणि पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी तिथेच बापावर टाकली आहे. पाजणे हे एकट्या बाईचे काम मानलेले नाही, हे पुरुष वाचकांनी लक्षात घ्यावे. रमजानमध्ये पाजणाऱ्या आईला सवलत आहे ती याचसाठी. ती काही गुहेतली अस्वलीण नाही. आईच्या किंवा बाळाच्या तब्येतीची काळजी असेल तर सवलत घेऊन रोजे नंतर पूर्ण करावेत. त्यासाठी तिला टोमणे मारू नयेत.

दूध मागणीवर चालते याचा आणखी एक फार मोलाचा उपयोग आहे. अपत्य नसलेली जोडपी नात्यातले किंवा अनाथ बाळ सांभाळायला घेतात. पुढे बाळ मोठे झाले की महरमचा प्रश्न उभा राहतो आणि घरात अवघडलेपण येते. बाळ दोन वर्षांच्या आतले असताना डॉक्टरांच्या देखरेखीखाली वारंवार छातीला लावले आणि पंपाने उत्तेजन दिले, तर न बाळंतलेल्या बाईलाही काही प्रमाणात दूध येऊ शकते. कधी औषधांचीही मदत घेतात. एकदा आटलेले दूधही असेच परत आणता येते. अशा पाजण्याने रझाअतचे नाते जुळते का, किती वेळा पाजल्याने जुळते, यात हनफी आणि शाफई मसलकांचे नियम वेगळे आहेत. ते आपल्या आलिमांना आधी विचारून घ्यावेत. पण शरीराच्या बाजूने दार उघडे आहे, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊकच नसते.

गोठ्यातली जाणती माणसे नवख्याला सांगतात : आधी जनावराला थोपट, मग सडाला हात लाव. घरात बाळंतीण असेल तर सासूने, नणंदेने आणि नवऱ्यानेही हाच क्रम पाळावा. तिला पोटभर जेवू द्यावे, पाणी हाताशी ठेवावे, पाहुणे थोडे लांबवावेत, रात्री बाळाला बदलायला बापाने उठावे, आणि "दूध नाही" हे शब्द चाळीस दिवस घरात उच्चारू नयेत. बाळ मागेल तेव्हा छातीला लावावे. पुढचा हिशेब आईचे शरीर आणि बाळाची भूक मिळून करतील.